पाय न टेकता

वर्ध्यात सायकल चालवणारी मोठी माणसं दोन प्रकारची असतात. एक, ज्यांना दुसरं वाहन परवडत नाही ती, आणि दुसरी, ज्यांना डॉक्टरांनी सांगितलेलं असतं ती. पहिल्यांना कोणी काही विचारत नाही, दुसरी न विचारता सांगत सुटतात. घाटोळे सर दोन्हींत बसत नसत. त्यांना पेन्शन व्यवस्थित होती, साखर नव्हती, आणि रक्तदाब असलाच तर तो त्यांच्या सहवासात आमचा वाढत असे. सर सायकल चालवत ते बाकीचे लोक ती किती चुकीची चालवतात हे दाखवून देण्यासाठी.

आमचा आठ-नऊ जणांचा गट होता. दर रविवारी पहाटे आर्वी नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर जमायचं, पवनारपर्यंत नाही तर सेलूपर्यंत जाऊन यायचं आणि जेवढी चरबी जाळली तिच्या दुपटीने आलूबोंडे खायचे, असा आमचा निर्मळ कार्यक्रम. सर गणिताच्या मास्तरकीतून निवृत्त झाले आणि या गटात आले. पहिल्याच रविवारी त्यांनी आलूबोंड्याविरुद्ध भाषण दिलं आणि दोन खाल्ले. पुढच्या रविवारी खिशातून शिंप्याची टेप काढून प्रत्येकाच्या सीटची उंची मोजली. माझी अर्धा इंच चुकलेली निघाली. मी म्हटलं, "सर, मला हेच बरं वाटतं." ते म्हणाले, "तुले दहावीतई चुकीचंच बरं वाटे."

हो, मी त्यांचा विद्यार्थी. झाडे माझं आडनाव, आणि ते मला त्याच नावाने हाक मारत, वर्गात मारत तशीच, शेवटचा 'डे' आपटून. सहामाहीच्या बीजगणितात मला पास व्हायला पस्तीस हवे होते आणि सरांनी चौतीस दिले. उत्तर बरोबर होतं, पण मधली एक पायरी मी लिहिली नव्हती. माझे वडील शाळेत गेले, हात जोडून उभे राहिले. सर त्यांना शांतपणे म्हणाले, "उत्तर आलंय, पण कुठून आलं ते दिसत नाही. दिसलं नाही त्याला मी गुण देत नाही." वर्गात सर असं स्वच्छ पुस्तकी बोलत. वऱ्हाडी त्यांच्या तोंडी यायची ती शाळेचं फाटक ओलांडल्यावर. आज माझं मेन रोडला चष्म्याचं दुकान आहे आणि बरं चालतं, तरी अधूनमधून, विशेषतः गिऱ्हाईक फ्रेमवरून घासाघीस करत असलं की मला तो एक गुण आठवतो.

तर हे घाटोळे सर. उंच, वाळकुडे, मान पुढे काढलेली. अंगात बारा महिने हळदी रंगाचं जर्किन, कारण ट्रकवाल्याला दिसलं पाहिजे. सायकलवाले घालतात तशी गादीची चड्डी त्यांनी घेतली होती, पण तिच्यावर इस्त्रीची टेरिकॉट पँट चढवून, तिचे पाय घोट्याशी क्लिपांनी आवळून ते यायचे. कारण विचारलं तर म्हणाले, "माह्या विद्यार्थ्यायचे बाप भेटतात रस्त्यानं. त्यायले मास्तरची मांडी काऊन दाखवू?"

एकदा खरंच भेटला, बाप नाही, विद्यार्थीच. सेलूच्या पुढे एक लांबलचक पांढरी गाडी आमच्या बाजूला येऊन सावकाश चालू लागली. काच खाली झाली. आत सोन्याची साखळी, गॉगल, आणि त्यांच्यामागे कुठल्याशा गावचा सरपंच. त्याने सरांना ओळखलं आणि त्याचा चेहरा एकदम पडला.

"सर, काय झालं बाप्पा? पेन्शन बंद झाली काय?"

"नाई रे. हौस आहे."

"हौस?" त्याने सायकलकडे पाहिलं, मग टेरिकॉटच्या पँटकडे. "सर, लाजू नोका. तुमच्या हातचा मार खाल्ला म्हणून आज या गाडीत बसून राह्यलो. बसा. सायकल मांगं टाकतो."

सरांनी नाही म्हटलं तसा तो अधिकच गहिवरला. शेवटी त्याने खिडकीतून केळ्यांची एक फणी सरांच्या हँडलला अडकवली आणि गाडी निघून गेली. सर पुढे अर्धा तास केळी सांभाळत सायकल हाणत राहिले. मग म्हणाले, "नापास होता. तीनदा." केळी मात्र त्यांनी सगळ्यांना वाटली.

पण सरांची खरी ओळख म्हणजे त्यांचा नियम. सायकलवर बसल्यावर पाय टेकायचा नाही. उतरणं वेगळं, टेकणं वेगळं, असं त्यांचं शास्त्र होतं. चहाला थांबायचं तर रीतसर उतरावं, सायकल स्टँडवर लावावी. पण गाढवं आडवी आली, चढ लागला, दम लागला म्हणून एक पाय पॅडलवर आणि एक जमिनीवर, हे त्यांना मुळीच खपत नसे. "उतरायचं तं उतर, चालवायचं तं चालव. टेकू नोको," असं ते म्हणत. असा अर्धवट उभा असलेला माणूस दिसला की त्यांच्या कपाळावर तीच आठी पडे, जी गाळलेल्या पायरीवर पडायची.

याचा भुर्दंड मला पडे. एकदा रेल्वेचं फाटक बंद होतं. आम्ही सगळे पाय टेकून उभे राहिलो. सर आले, माझ्या शेजारी आले, आणि डावा हात माझ्या खांद्यावर ठेवून दोन्ही पाय पॅडलवर तसेच ठेवून बसले. मालगाडी आली. मालगाड्या कधी लहान नसतात. मग उलट दिशेने दुसरी आली. पंधरा मिनिटं सत्तर किलोचा गणिताचा मास्तर माझ्या खांद्यावर टांगलेला होता आणि वरून डबे मोजत होता. आमच्यातला वानखेडे, जिल्हा परिषदेत नोकरीला, जिभेने अत्यंत वाह्यात, तो म्हणाला, "सर, पाय नाई टेकला हे खरं, पण हात तं टेकले न तुम्ही!" सगळे फिदीफिदी हसले. हात टेकणं म्हणजे हरणं, हे सरांना कळत होतंच. ते गंभीरपणे म्हणाले, "नियम पायाचा आहे." तेव्हापासून वानखेडे त्यांना 'हातटेके सर' म्हणू लागला. अर्थात पाठीमागे.

आणि या नियमाचं शिखर म्हणजे बैलदम. हिंगणीच्या पुढे, बोर धरण मागे टाकल्यावर जंगलातून पठारावर जाणारा एक सात वळणांचा चढ आहे. पूर्वी तिथे गाडीचे बैल दम सोडायचे म्हणून ते नाव. पुण्या-मुंबईच्या माणसाला दाखवला तर तो घाट कुठे आहे म्हणून विचारेल. पण आमचा जिल्हा सपाट, नाही मामापेक्षा काणा मामा बरा म्हणून आम्ही त्यालाच डोंगर म्हणतो. गटातल्या एकालाही तो न थांबता चढता आला नव्हता. घाटोळे सर मात्र दर दोन-तीन रविवारांनी सांगत, की तरुणपणी, बिनगिअरच्या काळ्या सायकलवर, ते बैलदम पाय न टेकता चढले होते. कोणी पाहिलं? तर चित्रकलेचे मास्तर सोबत होते. ते आता कुठे आहेत? ते वारले.

मला इतकी वर्षं हेच हवं होतं. मी म्हणायचो, "उत्तर बरोबर असेल सर, पण पायरी दिसत नाही." पहिल्यांदा म्हटलं तेव्हा गट खो खो हसला आणि सरही हसले. मी ते पुन्हा म्हटलं, आणि पुन्हा. सात वर्षांत मी ते किती वेळा म्हटलं असेन देव जाणे. एका गुणाचं व्याज मी चांगलंच वसूल केलं. हळूहळू सर हसायचे थांबले, आणि मी थांबलो नाही.

मागच्या हिवाळ्यात सरांचं पुण्याला जायचं ठरलं. मुलगी तिथे नोकरीला, चौदाव्या मजल्यावर घर. काकूंचे गुडघे गेलेले, त्यांना लिफ्ट हवी होती. मुलीने आधीच बजावलं होतं, बाबा, इथे सायकल आणायची नाही, इथल्या रस्त्यांवर आम्हीच जीव मुठीत धरून चालतो. सरांनी सायकल पुतण्याला देऊन टाकायचं ठरवलं. मंगळवारी निघायचं होतं. त्याच्या आधीच्या गुरुवारी ते माझ्या दुकानात आले, काउंटरवर दोन्ही कोपर ठेवले आणि म्हणाले, "शनवारी रिकामा आहे का?"

"का सर?"

"बैलदम. तू मांगून येजो. पाहजो." आणि जाता जाता दारातून म्हणाले, "पायरी पाह्यजे होती न तुले?"

ते पासष्ट वर्षांचे होते. मला गंमत वाटली आणि थोडी भीतीही वाटली, पण गंमत जास्त.

शनिवारी पहाटे निघालो. थंडी मजबूत होती. सेलू येईपर्यंत सरांनी मला श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं, हिंगणी येईपर्यंत तो कसा सोडायचा ते. हिंगणीत आम्ही तर्री-पोहे खाल्ले. सर तर्री घेत नाहीत, त्यांनी त्या दिवशी घेतली, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खाल्ली. हॉटेलवाल्याने विचारलं, "कुठी चालले गुरुजी एवढ्या थंडीत?" सर म्हणाले, "परीक्षा आहे." हॉटेलवाला माझ्याकडे पाहून म्हणाला, "आता या वयात यायची?" त्याला वाटलं, परीक्षा माझी.

धरणाच्या पुढे जंगल सुरू होतं. वाघाचा वावर असल्याची पाटी आहे, खाली 'वाहन थांबवू नये' असंही लिहिलंय. सर तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "पाह्य. सरकारचाबी हाच नियम आहे." दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढं वाळलेलं गवत, सागाची पानं करपलेली, रस्त्यावर उखडलेली गिट्टी. चढाच्या पायथ्याशी सर रीतसर उतरले. पाणी प्यायले. पँटच्या क्लिपा काढून पुन्हा लावल्या. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "झाडे, मी त्या टायमाले चढलो होतो. खरंच चढलो होतो."

मी म्हणालो, "हो सर."

"हो नोको म्हणू. पाह्य."

पहिली तीन वळणं सर असे चढले की मला मागे राहून बघणं कठीण झालं. जर्किनची पाठ डावीकडे-उजवीकडे हलत होती आणि ते प्रत्येक वळणाचा आकडा मोठ्याने म्हणत होते. चौथ्या वळणावर आकडा म्हणण्याइतका दम उरला नाही. सायकल नागमोडी जाऊ लागली, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. पाचव्यावर तिचा वेग इतका कमी झाला की शेजारून मुंगीही पुढे गेली असती. मी मनात म्हणत होतो, आता टेकतील. आणि लाज वाटते सांगायला, पण मला ते टेकायला हवे होते. मनात वाक्य तयार होतं. रविवारी टपरीवर कसं म्हणायचं, कुठे थांबायचं, सगळं.

त्याच नादात सहाव्या वळणावर माझ्यासमोर झाडावरून एक वानर उतरलं. मी ब्रेक दाबला, गिट्टीवर चाक घसरलं, आणि मी गुडघ्यावर, मग तोंडावर आपटलो. चष्मा उडाला. खाली दरीच्या अंगाला काच फुटल्याचा आवाज आला, आणि चष्म्याच्या धंद्यातल्या माणसाला तो आवाज ओळखू येतो.

वरून सरांचा आवाज आला. मागे वळून न पाहता, धापा टाकत, एकेक शब्द सुटा.

"झाडे! हाड... मोडलं... काय?"

"नाही सर!"

"मंग... पाहत राह्य!"

आणि ते गेले. दुसरा कोणी असता तर थांबला असता. दुसरा कोणी असता तर मी त्याच्यावर लिहायला बसलो नसतो.

माझा नंबर साडेसहा आहे. चष्मा नसला की मला माझा हातसुद्धा जेमतेम दिसतो. मी रस्त्यात बसून वर बघत होतो, गुडघ्यातून रक्त येत होतं, आणि समोर पिवळ्या गवताच्या पिवळ्या उतारावर पिवळ्या जर्किनातला माणूस शोधत होतो. एक ठिपका हलतोय असं वाटे. मग तो गवतच असे. मग दुसरीकडे काही हलतंय असं वाटे. ठिपका थांबला का? थांबला असेल. पुन्हा निघाला का? निघाला असेल. नक्की काहीही सांगता येत नव्हतं.

किती वेळ गेला माहीत नाही. मग चाकांचा सरसर आवाज खाली येत गेला, ब्रेक किंचाळला, आणि सर उतरले, म्हणजे उतरले असावेत. ते माझ्यासमोर उकिडवे बसले. त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

"पाह्यलं?"

मी गुडघ्याला चिकटलेली गिट्टी काढू लागलो.

"झाडे. पाह्यलं न?"

माझ्या चेहऱ्यावर चष्मा नाही हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. त्या वेळी मला मुंडकं नसतं तरी आलं नसतं. त्यांनी माझा हात धरला होता. दहावीपासून आजपर्यंत या माणसाने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

"पाहिलं सर," मी म्हणालो.

ते तिथेच रस्त्यावर मांडी घालून बसले आणि हसायला लागले. मग एकदम गुडघ्याकडे लक्ष जाऊन मला रागवले, की गिट्टीवर पुढचा ब्रेक दाबतात काय, सांगितलं होतं का नव्हतं. रुमाल पाण्याने भिजवून त्यांनी जखम पुसली, आणि पुसताना सातवं वळण कसं घेतलं ते मला दोनदा सांगितलं.

गुडघा वाकेना. तासाभराने कारंज्याकडून संत्र्यांचा टेम्पो खाली आला. ड्रायव्हरने मला आणि माझ्या सायकलला मागे क्रेटवर घातलं. सरांनाही म्हणाला, बसा. सर कसले बसतात! हिंगणीपर्यंत उतार आणि खराब रस्ता, टेम्पो हळूहळू चाललेला, मी संत्र्यांवर बसलेलो आणि मागून एक पिवळा धूसर माणूस सायकल हाणत येतोय. मध्येच ओरडून तो संत्रं मागे, मी अंदाजाने फेकी. तीन रस्त्यात फुटली. चौथं झेललं असावं, कारण मागून "शाब्बास!" असं ऐकू आलं. ड्रायव्हर मागच्या काचेतून मला म्हणाला, "भाऊ, वडलाले असं सायकलवर आणनं बरं दिसत नाई."

दुसऱ्या दिवशी रविवार. सरांचा शेवटचा रविवार म्हणून सगळा गट हजर होता. सरांनी जर्किन धुऊन घातलं होतं. गुडघ्याला पट्टी बांधून मी रिक्षाने गेलो. सर एवढंच म्हणाले, "झाडे सांगेल." आणि मी सांगितलं. इतकं चांगलं सांगितलं की मलाच आश्चर्य वाटलं. चौथं वळण, पाचवं वळण, नागमोडी सायकल, हे खरं होतं. सातवं वळणही मी सांगितलं, सरांनीच मला दोनदा सांगितलं होतं, काय कठीण होतं? वानखेडे आलूबोंडा हातात धरून ऐकत होता. ऐकून झाल्यावर तो उठला आणि त्याने सरांच्या पायाला हात लावला, चेष्टेने नव्हे. मग परत बसता बसता माझ्याकडे बघून म्हणाला, "पन चष्मेवाल्या, हा कोनाचा चष्मा घातला बे? आजोबाचा?"

मी दुकानात पडलेला माझाच एक जुना चष्मा घालून आलो होतो. म्हणालो, "पडलो ना काल, तेव्हा माझा गेला."

सरांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"चष्मा कधी गेला तुया?"

"पडलो तेव्हा, सर."

"मले वाटलं, टेम्पोत राह्यला." ते गणित मांडतायत हे मला दिसत होतं. "नंबर किती?"

"साडेसहा."

"मंग मी दिसत होतो का?"

"पिवळं काहीतरी दिसत होतं सर."

"गवतबी पिवळंच आहे तिथलं."

टपरीवाल्याने स्टोव्ह बारीक केला. वानखेडे म्हणाला, "जाऊ द्या न सर. आम्ही मानलं. गेला असान तुम्ही."

"तुमच्या मानन्यानं काय होते?" सर चढ्या आवाजात म्हणाले. मग माझ्याकडे वळले, आणि आश्चर्य म्हणजे वर्गातल्या स्वच्छ मराठीत बोलले. "तू पाहिलं नाहीस. पाहिलं नाहीस तर नाही म्हणायचं. मी विचारलं होतं तुला, दोनदा विचारलं होतं."

मला राग आला. सात वर्षं खिजवून झाल्यावर मी या माणसासाठी एकदा खोटं बोललो होतो, आणि त्याने ते सगळ्यांसमोर लाल शाईने खोडलं. मी म्हणालो, "सर, तुमच्यासाठीच बोललो." ते म्हणाले, "माझ्यासाठी पाहायचं होतं." आणि सायकलवर बसून निघून गेले. आलूबोंडा त्यांनी तसाच ठेवला होता. राग मला घरी जाईपर्यंत पुरला, नंतर नुसती शरम उरली. दुपारी दुकान उघडून मी माझ्या नंबरच्या काचा स्वतः घासल्या आणि नवा चष्मा तयार केला.

सोमवारी पहाटे फाटक वाजलं. बाहेर सर, जर्किन, क्लिपा, सगळं.

"चाल," ते म्हणाले. "आज चष्मे दोन घे."

मी पायजमा वर करून गुडघा दाखवला. तो रात्रीतून भोपळ्याएवढा झाला होता. सर वाकून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मी म्हणालो, "वानखेडेला फोन करू का?" ते म्हणाले, "त्याचं ऑफिस आहे." मी म्हणालो, "परवा..." आणि थांबलो, कारण परवा ते पुण्यात असणार होते. त्यांनी मान हलवली. माझा गुडघा बोटाने दाबून पाहिला, बर्फ लाव म्हणाले, आणि सायकलवर बसून निघाले.

मी फाटकाला धरून उभा होतो. आमच्या गल्लीच्या टोकाला रस्ता दुभागतो, डावीकडे सेलू-हिंगणीचा, उजवीकडे सरांच्या घराचा. उजाडलं होतं. रस्ता रिकामा होता, आडवी गाय नव्हती, गाडी नव्हती, काहीच नव्हतं. नवा चष्मा डोळ्यांवर होता आणि मला सगळं लख्ख दिसत होतं. सर त्या टोकाशी जाऊन थांबले आणि त्यांनी डावा पाय जमिनीवर टेकला. एक पाय पॅडलवर, एक मातीत, असे ते डावीकडच्या रस्त्याकडे बघत बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी सायकल उजवीकडे वळवली.

हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. टपरीवर अजून कधीतरी विषय निघतो, वानखेडेच काढतो. खरं सांग, म्हणतो, म्हातारा कधी टेकला होता का? मी सांगतो, मी तरी त्यांना कधी पाय टेकताना पाहिलं नाही. ही साक्ष खोडून काढायला घाटोळे सर आता वर्ध्यात नाहीत.